ऑइल तापल्यावर ट्रॅक्टरची लिफ्ट उचलत नाही: हायड्रॉलिक पंप दुरुस्त करावा की नवा बसवावा?

प्रश्न (शेतकरी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

सर्वांना नमस्कार. माझ्या ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला नऊ वर्षे झाली असून मीटरवर ६,२०० तास भरले आहेत. सध्या उन्हाळवाही सुरू आहे आणि पऱ्हाटी काढलेले वावर मी दोन फाळांच्या पलटी नांगराने नांगरत आहे. सकाळी सहाला काम सुरू केले की लिफ्ट नांगर लगेच उचलते. दहा-साडेदहाच्या सुमारास मात्र गिअरबॉक्सवर हात ठेवता येणार नाही इतके ऑइल तापते, आणि मग धुऱ्यावर वळताना पूर्ण रेस दिल्याशिवाय नांगर वर येत नाही. ट्रॉलीचा जॅकसुद्धा दुपारी असाच मंद चालतो.

मागच्या वर्षी गावातील मिस्त्रींनी पंप उघडून सील किट बदलले होते. त्याने जेमतेम महिनाभर फरक पडला. आता ते नवा पंप बसवा म्हणतात, तर दुसऱ्या मिस्त्रींचे म्हणणे आहे की रिलीफ व्हॉल्व्हच्या (ठरावीक प्रेशरला उघडून जादा ऑइल सोडणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगखाली वायसर टाकून प्रेशर वाढवले की काम भागेल. पेरणीच्या तोंडावर चुकीचा खर्च परवडणारा नाही, म्हणून अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उत्तर १ (ट्रॅक्टर मेकॅनिक, वाशीम)

दादा, सर्वांत आधी सांगतो: वायसर टाकू देऊ नका. स्प्रिंग कडक केल्याने व्हॉल्व्ह उशिरा उघडतो एवढेच, पंपाची ताकद त्याने वाढत नाही. पंप झिजलेला असेल तर तो मूळ प्रेशरपर्यंतच पोहोचत नाही, त्यामुळे वायसरचा उपयोग शून्य. आणि पंप चांगला असेल तर वाढलेल्या प्रेशरने होज फुटण्याचा किंवा सिलिंडरचे सील जाण्याचा धोका असतो.

आता दोष कुठे आहे ते पाहू. नांगर पूर्ण उचला, इंजिन बंद करा आणि दूर उभे राहून पाहा. नांगर काही मिनिटांतच खाली बसू लागला तर गळती सिलिंडरच्या सीलमध्ये किंवा कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये आहे, कारण उचललेले वजन धरून ठेवण्यात पंपाचा काहीच वाटा नसतो. तुमची लिफ्ट आणि ट्रॉलीचा जॅक दोन्ही एकाच वेळी मंद होतात, म्हणून माझा संशय दोन्हींना सामाईक असलेल्या भागांवर आहे: सक्शनची (पंप ऑइल ओढतो त्या बाजूची) जाळी, रिलीफ व्हॉल्व्ह आणि पंप.

जाळी काढून डिझेलने धुवा आणि सक्शन पाइपची ओ-रिंग तपासा. ती कडक झाली असेल तर पंप हवा ओढतो, ऑइलला फेस येतो आणि पंप घरघरतो. अशा वेळी पंप निर्दोष असूनही बदलला जातो. असे पंप माझ्याकडे परत आलेले आहेत.

त्यानंतर ट्रॉलीची पाइप लावतो त्या टॅपिंगला ४०० बारपर्यंतचे गेज लावा. एकदा थंड ऑइलवर आणि एकदा दोन तास नांगरल्यानंतर, १,५०० आणि २,००० आरपीएमवर प्रेशर नोंदवा. मात्र लिव्हर पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका. थंडात आणि गरमात सारखेच कमी प्रेशर आले तर रिलीफ व्हॉल्व्ह लवकर उघडतो आहे. थंडात पुरेसे, गरमात कमी आणि रेस दिल्यावर वाढणारे प्रेशर मिळाले तर पंपाच्या आतून ऑइल मागे सरकते आहे, कारण तापून पातळ झालेले ऑइल झिजलेल्या फटींतून सहज निसटते आणि जास्त फेऱ्यांनी ती गळती काही अंशी भरून निघते.

एक कळकळीची विनंती: गळती शोधायला पाइपवरून हात फिरवू नका. बारीक छिद्रातून येणारे ऑइल कातडी भेदून आत शिरते आणि त्यात बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. पुठ्ठा धरून पाहा. पाइप सोडण्यापूर्वी अवजार जमिनीवर टेकवा.

उत्तर २ (धान उत्पादक शेतकरी, जि. भंडारा)

मिस्त्रीभाऊंनी सांगितलेल्या गोष्टींत माझ्या नुकसानीतून शिकलेली एक भर घालतो. आमच्याकडे चिखलणीत ट्रॅक्टर तासन्‌तास पाण्यात चालतो. ऑइलमध्ये पाणी जाऊन ते दुधासारखे पांढरट झाले होते आणि मी दुर्लक्ष केले. पंप गेला तेव्हा नवा बसवला, पण खर्च वाचवण्यासाठी जुनेच ऑइल गाळून पुन्हा भरले. पहिल्या पंपाचा धातूचा चुरा त्यातच होता. नवा पंप एक हंगामही टिकला नाही.

आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिकचे ऑइल एकच असते. म्हणून ते पूर्ण काढावे, तळ पुसून घ्यावा आणि पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच नवे ऑइल भरावे. ऑइल ब्रेक असतील तर त्यांनाही तेच ऑइल मिळते, त्यामुळे उरलेले इंजिन ऑइल ओतून पातळी भरू नये.

प्रश्नकर्ता, दारव्हा

आपण दोघांनी सांगितल्याप्रमाणे तपासणी केली. उचललेला नांगर अर्ध्या तासात खाली आला नाही. जाळीत थोडा गाळ होता, तो धुतला. ऑइल स्वच्छ आहे, फेस नाही. पुस्तिकेत रिलीफ व्हॉल्व्हचे प्रेशर १९० बार दिले आहे. थंड ऑइलवर १,५०० आरपीएमला १८५ बार मिळाले. दुपारी त्याच आरपीएमला ११५ आणि २,००० ला १५५ बार आले. आता पुन्हा सील किट टाकून पाहावे का?

उत्तर १ (ट्रॅक्टर मेकॅनिक, वाशीम)

हे आकडे झिजलेल्या पंपाचेच आहेत. तरीही निर्णय पंप उघडून घ्या. गिअर पंपात प्रेशरमुळे दोन्ही गिअर सक्शनच्या बाजूला ढकलले जातात, त्यामुळे बॉडीच्या आत त्या बाजूला हलकी चकाकणारी पट्टी उमटतेच. ती दोष नाही. त्या जागी नख अडकेल इतकी खाच असेल, किंवा गिअरच्या बाजूच्या प्लेटवर ओरखडे असतील, तर सील कितीही नवे घातले तरी ऑइल धातूच्या फटीतून जाणारच. मागच्या वर्षीचे किट महिनाभरच टिकले, त्याचे कारण मला हेच वाटते.

नवा पंप घेताना केवळ ट्रॅक्टरचे मॉडेल सांगून भागत नाही. जुना पंप सोबत न्या आणि शाफ्टच्या बाजूने पाहिल्यावर फिरण्याची दिशा, स्प्लाइनचे दाते, भोकांतील अंतर आणि एका फेरीला किती सीसी ऑइल टाकतो हे जुळवा. १२ सीसीचा पंप २,००० फेऱ्यांना हिशेबाने मिनिटाला २४ लिटर देतो. त्याजागी ८ सीसीचा बसवला तर १६ लिटरच मिळतील आणि नवा पंप असूनही लिफ्ट मंद राहील. बुधनी येथील केंद्रीय संस्थेच्या ट्रॅक्टर चाचणी अहवालात पंपाचा प्रवाह आणि रिलीफ व्हॉल्व्हचे प्रेशर दिलेले असते, आपल्या मॉडेलचा अहवाल मिळाला तर त्यावरून दुकानदाराचा माल पडताळता येतो.

बसवताना पंपात आधी ऑइल भरून शाफ्ट हाताने फिरवा. इंजिन सुरू केल्यावर चार-पाच मिनिटे मंद गतीवर, वजन न उचलता चालवा. कोरडा फिरलेला पंप पहिल्याच मिनिटात ओरबाडला जातो.

प्रश्नकर्ता, दारव्हा

पंप उघडला. सक्शनच्या बाजूला बॉडीत नख स्पष्ट अडकते आणि एका प्लेटवर गोल ओरखडे आहेत. जुना पंप घेऊन उद्या यवतमाळला जातो. ऑइल आजच पूर्ण काढून ठेवले आहे. तळाच्या चुंबकावर करड्या रंगाचा बारीक चुरा निघाला, तो पुसून घेतला. नवा पंप बसल्यावर दुपारच्या तापलेल्या ऑइलवरचे प्रेशर येथेच कळवतो.