कणाचे स्थान केवळ आवरणावर ठरत नाही

एका प्रतिसादात म्हटले आहे की ब्लॉक कोपॉलिमरमध्ये (दोन वेगळ्या प्रकारच्या साखळ्या जोडून बनलेल्या, आपोआप आलटून-पालटून थर रचणाऱ्या पॉलिमरमध्ये) नॅनोकण, म्हणजे काही नॅनोमीटरचा सूक्ष्म कण, कुठे बसेल हे त्याच्या पृष्ठभागावरील आवरण ठरवते. आवरणाचा वाटा मोठा आहे. पॉलिस्टायरिन या प्लास्टिकच्या साखळ्या चढवलेला सोन्याचा कण पॉलिस्टायरिनच्याच थरात शिरतो, हे खरे. परंतु थरात नेमका कुठे, हे आकारावरही अवलंबून असते, आणि मला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो.

मोठा कण आला की भोवतीच्या साखळ्यांना ताणून त्याला वळसा घालावा लागतो व त्यांची एन्ट्रॉपी, म्हणजे हव्या तशा मांडणीत राहण्याची मोकळीक, घटते. थराच्या मध्यभागी, जिथे साखळ्यांची मोकळी टोके असतात, तिथे हे नुकसान सर्वांत कमी होते. लहान कणाला अशी अडचण नसते, म्हणून तो पसरत दोन थरांमधील सीमेपर्यंत पोहोचतो. संशोधक बालाझ व सहकाऱ्यांनी 2001 मध्ये हे सैद्धांतिक गणिताने मांडले. पुढे 2003 मध्ये बोकस्टालर, थॉमस आदींनी एकाच पॉलिमरमध्ये सुमारे 3.5 नॅनोमीटरचे सोन्याचे आणि 21.5 नॅनोमीटरचे सिलिकाचे कण मिसळले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालच्या चित्रात सोन्याचे बारीक काळे ठिपके थरांच्या सीमेलगत, तर सिलिकाचे गोळे थराच्या मध्यावर दिसतात.