देवाचं अस्तित्व प्रयोगाने तपासता येईल का?

शंकासुर:
देव हाकेला धावून येतो, असं म्हणता ना? मग हा जगात घडणाऱ्या गोष्टींबद्दलचा दावा झाला, आणि तो मोजता येतो. मोजलाही गेलाय. २००६ साली अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी बायपास झालेल्या १८०२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन गट. पहिल्या दोन गटांना सांगितलं, 'तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही.' प्रत्यक्षात एकासाठीच झाली. त्या गटात ५२ टक्के रुग्णांत गुंतागुंत झाली, दुसऱ्यात ५१ टक्के. तिसऱ्याला प्रार्थना होणार हे नक्की सांगितलं होतं. तिथे ५९ टक्के! आणखी काय हवं?

अवलिया:
औषधाच्या गोळीला स्वतःची मर्जी नसते, म्हणून गोळीची चाचणी जमते. ज्याला मर्जी आहे असं आम्ही मानतो, तो तुमच्या तक्त्याप्रमाणे कशाला वागेल? शिवाय दुसऱ्या गटातल्या रुग्णांच्या घरच्यांनीही हात जोडलेच असतील. 'प्रार्थनाच नाही' असा गट होता कुठे?

शंकासुर:
घरच्यांच्या प्रार्थना तिन्ही गटांत होत्या, तपासली ती वरची जादा प्रार्थना. आणि मर्जीचं म्हणाल तर ती शुद्ध पळवाट आहे. १९८८ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या ३९३ हृदयरुग्णांच्या अभ्यासात काही निकषांवर प्रार्थनेच्या बाजूने आकडे आले. तेव्हा बऱ्याच भाविकांनी ते आनंदाने मिरवले, मर्जी कुणाला आठवली नाही.

काठावरचा:
तुम्ही दोघं दोन वेगळ्या देवांवरून भांडताय. दिसत नाही म्हणून तपासता येत नाही, असं काही नाही. युरेनसची चाल गणितात बसेना, तेव्हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी न दिसलेल्या ग्रहाची जागा कागदावर काढली. १८४६ साली नेपच्यून त्या जागेपासून जेमतेम एका अंशावर सापडला. मग बुधाच्या चालीवरून त्यांनी 'व्हल्कन' नावाचा आणखी एक ग्रह मांडला. तो काही सापडला नाही, आणि १९१५ साली आइन्स्टाइनने बुधाचं कोडं ग्रहाशिवायच सोडवलं. व्हल्कन बाद झाला, कारण तो कुठे दिसायला हवा हे आधीच सांगितलेलं होतं. धावून येणाऱ्या देवाबद्दल असं सांगता येतं. विश्व सुरू करून बाजूला झालेल्या देवाबद्दल काय सांगणार, कपाळ?

अवलिया:
हे जुनंच आहे. सांख्य दर्शनाच्या सूत्रांत 'ईश्वरासिद्धेः' (ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून) म्हटलंय. त्यावर विज्ञानभिक्षूंचं भाष्य असं, की ईश्वर नाही असं सूत्र म्हणत नाही, तो सिद्ध होत नाही एवढंच म्हणतं.

शंकासुर:
भाष्य राहू द्या. पुढचा अभ्यास कसा आखला तर त्याचा निकाल तुम्ही मानाल?

अवलिया:
कसाही आखा, नाही मानणार. विरुद्ध गेला तरी नाही आणि बाजूने आला तरी नाही. '८८ चे आकडे मिरवणाऱ्यांनाही मी हेच सांगतो.

काठावरचा:
हे पहिल्याच प्रतिसादात लिहिलं असतंत तर एवढं टंकावं लागलं नसतं, अवलियाजी.