मदत हवी आहे: बडोद्यात शाकाहारी, मुरलेलं चीज

मंडळी, पास्त्यावर किसायला मुरलेलं, कडक चीज हवं आहे, पण त्यात प्राणिज रेनेट (दूध गोठवायला घालतात ते, जनावराच्या पोटातून काढलेलं) अजिबात नको. सासूबाई याबाबतीत ऐकत नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे. पार्मिजानो रेज्जानो कृपया सुचवू नका, ते नियमानेच वासराच्या रेनेटने करतात.

अलकापुरीतली दुकानं पालथी घातली. गौडा, चेडर मिळतं, पण कोवळं. किसणीवर नुसता लगदा होतो. एका ठिकाणी मोठ्या चाकातून तुकडा कापून देतात. कड पिवळीधमक, वास सुंदर, तोंडाला पाणी सुटलं. पण रेनेट कुठलं, दुकानदाराला सांगता येईना. हिरवा ठिपका बघा म्हणाल, तर सुट्या तुकड्याला वेष्टनच नसतं! मुंबईहून कुरिअरने मागवलेलं या उन्हात तूप सुटून आलं. सुरती पनीर आवडतं, पण ते मऊ, या कामाचं नाही.

घरी साठवायची अडचण नाही, बटर पेपरात गुंडाळून भाजीच्या कप्प्यात ठेवते. पाव किलो पुरे, दर थोडा जास्त चालेल.

मायक्रोबियल (सूक्ष्मजीवांपासून केलेल्या) रेनेटचं, निदान वर्षभर मुरवलेलं चीज बडोद्यात किंवा अहमदाबादेत कोणी स्वतः घेतलंय का? कुठून, आणि कोणतं?