अकाउंट्सचा तीन वर्षांचा अनुभव आहे, तरी मुलाखतीला बोलावणे येत नाही : मार्गदर्शन हवे

प्रश्नकर्ता : जमाखर्च_सोलापूर

नमस्कार. मी बी. कॉम. असून गेली तीन वर्षे अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेलच्या एका कारखान्यात अकाउंट्स सहायक म्हणून काम करतो. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील खरेदी-विक्रीच्या नोंदी, ई-वे बिले (मालवाहतुकीसाठी लागणारी), जीएसटी विवरणपत्रांसाठीची माहिती आणि बाहेरून विणून देणाऱ्या यंत्रमागधारकांचे हिशेब माझ्याकडे आहेत. पगार १६,००० रुपये आहे. सोलापुरातच मोठ्या कारखान्यात किंवा पुण्यात जाण्याची इच्छा आहे. संकेतस्थळांवर अर्ज करतो, पण सहसा उत्तर येत नाही. बायोडेटात नेमके काय लिहावे, ‘स्वतःबद्दल सांगा’ या प्रश्नाला काय सांगावे आणि अपेक्षित पगार विचारल्यास आकडा द्यावा की नाही, याबद्दल जाणकारांनी कृपया सांगावे. सध्याच्या मालकांच्या कानावर हे जाऊ नये, अशीही इच्छा आहे.

उत्तर : लेखापाल_चिंचोळी

मी चिंचोळी एमआयडीसीतील एका कारखान्याचा लेखा विभाग सांभाळतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक अर्जांत ‘टॅली, जीएसटी, एमएस ऑफिस’ एवढी एकच ओळ असते आणि तिच्यावरून उमेदवार नुसती बिले काढतो की विवरणपत्राची जुळवणीही करतो, हे काही कळत नाही. वरच्या प्रश्नात आपण यंत्रमागधारकांच्या हिशेबाचा उल्लेख ओझरता केला आहे, पण माझ्या दृष्टीने तीच आपली सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. कोणाला किती किलो सूत दिले, त्यातून किती माल परत आला, घट किती धरली आणि मजुरीचे बिल त्याच्याशी जुळले का, हे ज्याने महिनोन्महिने पाहिले आहे, त्याला कापड व्यवसायातील कोणत्याही कारखान्यात पहिल्या आठवड्यापासून काम देता येते. हे बायोडेटाच्या पहिल्या चार ओळींत यायला हवे. जन्मतारीख, वडिलांचे नाव, छंद आणि ‘वरील माहिती सत्य आहे’ ही शेवटची ओळ वगळली तरी काही बिघडत नाही.

मुलाखतीत मी एक प्रश्न हमखास विचारतो : सुताचा माल गोदामात आला आहे, बिल टॅलीत नोंदले आहे, पण १४ तारखेला तयार होणाऱ्या जीएसटीआर-२बी मध्ये (पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून बनणारी आपल्या खरेदीची यादी) ते दिसत नाही, २० तारखेला ३बी हे महिन्याचे कर भरण्याचे विवरणपत्र भरायचे आहे, तर तुम्ही काय कराल? बिलावर आपला जीएसटी क्रमांक बरोबर पडला आहे का हे आधी पाहीन, मग पुरवठादाराला फोन करीन, आणि ते बिल २बी मध्ये येईपर्यंत त्याचे क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) न घेता ते वेगळ्या यादीत ठेवीन, असे जो सांगतो, त्याचे इंग्रजी कसे आहे हे मी तपासत बसत नाही. ‘स्वतःबद्दल सांगा’ याचेही उत्तर अशाच कामातून द्यावे. सध्या काय सांभाळता, त्यातले कोणते काम कोणाला न विचारता पूर्ण करता आणि आमच्याकडे का येऊ इच्छिता, एवढे दीड-दोन मिनिटांत सांगितले की पुरते. तेलुगू किंवा कन्नड बोलता येत असल्यास तेही अवश्य सांगावे, कारण आमच्या विभागाला हैदराबाद, कलबुर्गी आणि विजयपूरच्या व्यापाऱ्यांकडून वसुलीसाठी रोज फोन करावे लागतात.

सोलापुरातील मध्यम कारखाने जाहिरात फारशी देत नाहीत. जागा रिकामी झाली की मालक आधी आपल्या सीएला किंवा करसल्लागाराला विचारतात. म्हणून त्यांच्या कार्यालयात बायोडेटा देऊन ठेवणे उपयोगी पडते, मात्र तेच कार्यालय आपल्या मालकांचेही काम पाहते का, याची आधी खात्री करून घ्यावी.

उत्तर : भरती_पुणे

मी मूळची सोलापूरची असून पुण्यात एका कंपनीच्या भरती विभागात आहे. नोकरी डॉट कॉमवर आम्ही ‘जीएसटीआर-२बी’, ‘टीडीएस’, ‘जॉब वर्क’ (बाहेरून करून घेतलेले काम) असे शब्द टाकून शोध घेतो आणि अलीकडे प्रोफाइल अद्ययावत केलेल्या उमेदवारांकडे आधी पाहतो. शंभर अर्ज पाठवण्यापेक्षा प्रोफाइलमध्ये हे शब्द असणे आणि नोटीस पिरियड (राजीनाम्यानंतर काम करण्याची मुदत) स्पष्ट लिहिलेला असणे जास्त महत्त्वाचे आहे. सध्याच्या कंपनीला आपले प्रोफाइल दिसू नये, अशी सोय सेटिंगमध्ये असते, ती वापरावी.

अपेक्षित पगाराचा आकडा जरूर द्यावा, पण तो हातात येणाऱ्या रकमेचा आहे की सीटीसीचा (कंपनीचा आपल्यावर होणारा एकूण खर्च), हे त्याच वाक्यात सांगावे. वार्षिक ३ लाखांचे सीटीसी म्हणजे महिना २५,००० रुपये, असे समजून अनेक जण होकार देतात. मूळ वेतन १२,५०० धरले, तर कंपनीचा पीएफ १,५०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ६०० रुपये त्यातच मोजलेले असतात. पुढे आपला पीएफ १,५०० आणि व्यवसाय कर २०० वजा होऊन हातात सुमारे २१,२०० रुपये पडतात. पुण्यातील खोलीभाडे आणि मेसचा खर्च या रकमेतून वजा करून पाहावा, कारण घरी राहून मिळणारे १८,००० रुपये कधीकधी जास्त पुरतात.

मुलाखतीसाठी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने येणार असाल, तर पुण्यात पोहोचायला साडेदहा वाजतात. त्यामुळे दुपारी बारानंतरची वेळ मागून घ्यावी. त्याबद्दल कोणी वाईट वाटून घेत नाही.

उत्तर : उत्तर_कसबा

वरील सल्ला पटतो, पण पगाराच्या बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. पुण्यात आकडा सांगणे ठीक आहे. सोलापुरातील मालकासमोर मात्र आधी ‘कामाची व्याप्ती कळली तर सांगता येईल’ असे म्हणावे, कारण इथे अकाउंट्सच्या माणसाकडे बँक, वाहतूक आणि कामगारांची हजेरी हीसुद्धा कामे हळूहळू येतात आणि पगार तेवढाच राहतो.

आणखी एक गोष्ट म्हणजे नोंदणी, प्रशिक्षण किंवा लॅपटॉपची अनामत म्हणून पैसे मागणाऱ्या व्हॉट्सॲपवरील ‘ऑफर लेटर’ला उत्तरच देऊ नये. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करावी.

प्रश्नकर्ता : जमाखर्च_सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. आमच्याकडे नियुक्तिपत्र दिलेले नाही, पगार बँकेत जमा होतो आणि पीएफ कापला जातो. अनुभव पत्र मिळाले नाही, तर अनुभव कसा दाखवावा?

उत्तर : भरती_पुणे

ईपीएफओ या पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर आपल्या यूएएन क्रमांकाने (नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफ क्रमांक) लॉग इन करून पीएफ पासबुक आणि सेवेचा तपशील काढून घ्यावा. त्यात कंपनीचे नाव आणि दरमहा जमा झालेली रक्कम दिसते. त्याला बँकेचे मागील सहा महिन्यांचे विवरण जोडले, तर आमच्यासारख्या बहुतेक कंपन्या ते ग्राह्य धरतात. यूएएनमधील नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, हे मात्र आजच पाहावे, कारण दुरुस्तीच्या अर्जाला जुन्या कंपनीची मंजुरी लागू शकते आणि राजीनामा दिल्यावर ती मिळवणे अवघड जाते.