गडग्यावरची कळलावी: औषध म्हणून घ्यावी का, कुंडीत लावावी कशी?

प्रश्न
सिंधुदुर्गातील आमच्या घराच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) दर पावसाळ्यात एक वेल आपोआप उगवते. तिच्या पानांची टोके दोऱ्यासारखी वळून शेजारच्या झुडपाला धरतात आणि हिरवट पिवळे उमललेले फूल काही दिवसांत लालभडक होते. शेजारच्या आजी तिला कळलावी म्हणतात. पूर्वी अडलेल्या बाळंतिणीच्या पोटावर तिचा कंद उगाळून लावत, असेही त्या सांगतात. माझ्या सांधेदुखीवर या कंदाचा काढा घ्यावा, असे एका नातेवाइकांनी सुचवले आहे. तो घ्यावा का? आणि ही वेल पुण्यात गच्चीवर लागेल का?

प्रतिसाद १
काढा कृपया घेऊ नका. या वेलीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन हे विष असते. गाउट या सांधेविकारावर डॉक्टर हेच द्रव्य देतात हे खरे, पण ते मिलिग्रॅमच्या हिशेबात मोजून. घरच्या काढ्यात ते किती उतरले हे कळायला काही मार्ग नाही. आयुर्वेदानेही कळलावीला उपविषांत, म्हणजे दुय्यम विषांत, गणले असून शोधनाशिवाय, म्हणजे विषारीपणा कमी करण्याच्या प्रक्रियेशिवाय, ती वापरत नाहीत. उलट्या-जुलाब काही तासांनी सुरू होतात, त्यामुळे कोणी कंद खाल्ला असेल तर लक्षणांची वाट न पाहता, वेलीचा तुकडा सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

प्रतिसाद २
लावायला मात्र ही वेल अवश्य लावा. दिवाळीनंतर वेल वाळली की कंद हातमोजे घालून अलगद काढावा. तो नांगरासारखा दुभंगलेला असतो, म्हणूनच संस्कृतात तिला लांगली म्हणतात. प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकच डोळा असतो आणि तो मोडला तर त्या फाट्यातून कोंब येत नाही. माझे पहिले दोन कंद असेच वाया गेले. मेअखेरीस, पाण्याचा चांगला निचरा होणाऱ्या वाळूमिश्रित मातीत, कंद दोन-तीन इंच खोल आडवा ठेवावा आणि वेलीला चढायला काटक्या द्याव्यात. थंडीत पाणी पूर्ण थांबवावे, नाहीतर कंद कुजतो. बियांपासून फूल यायला तीन-चार वर्षे लागतात. या फुलाची कुक्षी (पराग स्वीकारणारे टोक) परागकोशांपासून दूर, काटकोनात वळलेली असते; त्यामुळे तमिळनाडूत, जिथे बियांसाठी हिची शेती होते, शेतकरी हाताने परागीभवन करतात. गडग्यावरचे सगळे कंद मात्र काढू नका.

प्रतिसाद ३
एक भर घालतो. काढलेला कंद स्वयंपाकघरात ठेवू नये. माती लागलेली असताना तो कणगर (एक खाण्याचा कंद) किंवा रताळ्यासारखा दिसतो आणि अशा चुकीतून विषबाधा झालेल्या आहेत. डब्यावर ठळक अक्षरांत नाव लिहून तो मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा.