प्रश्नावलीवरून मुलाच्या संवेदना कळतात का?

मालवणची आई: मुलगा चार वर्षांचा. शिमग्यात ढोल वाजायला लागले की कान दाबून माजघरात पळतो. ओल्या वाळूत पाय टाकत नाही. बालवाडीच्या बाईंनी सुचवलं म्हणून थेरपिस्टकडे 'सेन्सरी प्रोफाइल' भरली, म्हणजे आवाज, स्पर्श, चव अशा संवेदनांना मूल कसा प्रतिसाद देतं याची प्रश्नावली. ती अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट विनी डन यांची, १९९९ची, आणि तुलना अमेरिकेतल्या मुलांशी! आमचं घर भरलेलं, पावसाळाभर पत्र्यावर धो-धो पाऊस, अंगणात सुकत घातलेली मासळी. इथल्या पोराला तिथली सरासरी लावूच नये, असं माझं ठाम मत आहे.

थेरपिस्ट, रत्नागिरी: ताई, सरासरीबद्दलची तुमची शंका रास्त आहे, म्हणून प्रश्नावलीच नको, हे मात्र पटत नाही. ती पास-नापास ठरवत नाही. मूल संवेदना शोधत फिरतं, टाळतं, पटकन त्रासतं, की त्याला जाणवतच नाही, एवढं ती दाखवते. ढोलाला बरीच मुलं घाबरतात. मी विचारीन: मिक्सर लावला तरी कान दाबतो का? डोक्यावरून पाणी घेताना रडतो का? मऊ भात चालतो, पण त्यात माशाचा तुकडा आला की ताट ढकलतो का? झोप, जेवण, खेळ यातलं काही अडतंय का? आणि खरी काळजी दुसऱ्याच मुलांची. ढोपर फुटलं तरी रडत नाही, हाक मारली तरी वळत नाही, त्याला आपण 'गुणी बाळ' म्हणतो आणि तेच सुटतं. त्याचे कान आधी तपासावेत. २०१३च्या डीएसएम-५मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेत, संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद हा स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) निकषांत आला आहे. अर्थात एकट्या या लक्षणावरून निदान होत नाही.

बालरोगतज्ज्ञ, चिपळूण: इथेच मला भीती वाटते. अमेरिकन बालरोग अकादमीने २०१२मध्ये सांगितलं की 'सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर' (संवेदना हाताळण्यातला बिघाड) हे स्वतंत्र निदान म्हणून सहसा वापरू नये आणि संवेदनांवरच्या थेरपीचा पुरावा मर्यादित आहे, हे पालकांना सांगावं. तरी फायलीवर शिक्का बसतो आणि आई-बाप वर्षभर सेशन्सचे पैसे भरत राहतात.

अंगणवाडी सेविका, देवगड: पैसे भरायच्या आधी आमच्याकडे या. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी करतं, गरज वाटली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. पण आमच्या वाडीतून जिल्ह्याला जायचं म्हणजे मजुरी बुडते. नवखी जागा, भुकेलं पोर, एसटीत ओकलेलं. तिथल्या तपासणीच्या अर्ध्या तासात त्याचं खरं वागणं कसं दिसणार?

मालवणची आई: हेच म्हणते मी. घरी येऊन बघा, आंघोळीच्या वेळी बघा. अहवालात आकडा नको.

थेरपिस्ट, रत्नागिरी: आकडा न घालता वर्णन लिहून देता येतं. प्रश्नावली मात्र मी भरून घेणारच. आजीचं उत्तर आणि बालवाडीच्या बाईंचं उत्तर वेगळं आलं, तर नेमकं कुठे अडतंय ते तिथेच सापडतं.

बालरोगतज्ज्ञ, चिपळूण: घरी जरूर जा. शिक्का मारू नका.