मदत हवी आहे: वॉरफरिन चालू असताना गव्हांकुराचा रस चालतो का?

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. सासूबाई ६७ वर्षांच्या. सहा वर्षांपूर्वी मिरजेत त्यांना हृदयाचा मेकॅनिकल व्हॉल्व्ह बसवला, मायट्रलचा. शेजारी बसलं की छातीतली बारीक टिकटिक ऐकू येते. तेव्हापासून वॉरफरिन, म्हणजे रक्तात गुठळी होऊ नये म्हणून द्यायची गोळी, कायमची.

मध्यंतरी हिमोग्लोबिन ९.२ आलं. लोहाच्या गोळ्यांनी पोट साफ होईना म्हणून आईंनी त्या सोडल्या. आमराईत फिरायला येणाऱ्या एका काकूंनी सांगितलं, गव्हांकुराचा रस म्हणजे हिरवं रक्तच. झालं, गॅलरीत पाच ट्रे लागले. आई स्वतः पाणी शिंपडतात, कात्रीने कापतात, मिक्सरला फिरवून गाळतात. तीन आठवडे झाले, रोज एक वाटी. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच स्वतःच्या तब्येतीसाठी एवढ्या हौसेने काही करतायत.

काल आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, कमी म्हणजे लवकर गोठतं) १.७ आला. २.५ ते ३.५ ठेवायला सांगितलंय आणि वर्षभर तो तीनच्या आसपासच होता. एकही गोळी चुकलेली नाही, डबी मीच भरते.

रात्रभर वाचत होते. हरितद्रव्य (क्लोरोफिल) आणि हिमोग्लोबिनमधला हीम हा भाग यांची रचना खरंच मिळतीजुळती आहे, पण एकाच्या मध्ये मॅग्नेशियम आणि दुसऱ्याच्या मध्ये लोह. मग त्यातून रक्त कसं वाढणार? आणि आयएनआर रसामुळेच उतरला असेल का? मेडिकलमध्ये क्लोरोफिलची बाटली मिळते, ती रसाऐवजी दिली तर? कृपया जाणकारांनी सांगावं, मला फार भीती वाटतेय.

प्रतिसाद १

ताई, मी साताऱ्यात मेडिकल चालवतो. आधी डॉक्टरांना फोन करा, बाकीचं नंतर वाचा. मेकॅनिकल व्हॉल्व्हला १.७ कमी आहे, गुठळी धरू शकते. टिकटिक दबल्यासारखी वाटली, दम लागला, बोलणं अडखळलं किंवा हातपाय लुळा पडला तर थेट दवाखाना. गोळी मनाने वाढवू नका.

रसाचा संशय रास्त आहे. पानात जिथे हरितद्रव्य असतं तिथेच रक्त गोठायला लागणारं के जीवनसत्त्वही असतं, म्हणून कोबीची बाहेरची हिरवी पानं आतल्या पांढऱ्या पानांपेक्षा त्यात जास्त. वॉरफरिन नेमकं याच जीवनसत्त्वाच्या कामात आडवं येतं. रस बंद करणार असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. डोस वाढला आणि रसही थांबला तर आयएनआर उलट वर चढेल आणि रक्तस्रावाची भीती. पालेभाजी मात्र तोडू नका, दर आठवड्याला साधारण सारखी असू द्या.

बाटलीत बहुतेक वेळा क्लोरोफिलिन असतं. त्यात मॅग्नेशियमच्या जागी तांबं घातलेलं असतं, लोह नसतंच. त्याचा जुना वापर म्हणजे पोटावर शौचाची पिशवी लावलेल्या पेशंटना वासासाठी. हिमोग्लोबिनला त्याचा उपयोग नाही. लोहाची गोळी बदलून मागा, सगळ्या पोटाला सारख्याच जड जात नाहीत. आणि वॉरफरिनवर असताना हिमोग्लोबिन उतरलं तर आत कुठे रक्त जातंय का, हे तपासायलाच हवं. शौचाला काळी होत होती का, ते आईंना नीट विचारा.

धागाकर्ती

दादा, फोन केला, लगेच बोलावलंय. टिकटिक नेहमीसारखीच आहे, दोनदा कान लावून ऐकली. काळ्या शौचाचं विचारलं तर आई म्हणाल्या, "लोहाच्या गोळ्यांनी होते म्हणून बोलले नाही." गोळ्या सोडून तर दोन महिने झाले. तेही कागदावर लिहून घेतलंय. निघतोय.